चेन पडली की तळासरी

पप्पांचा देवावर विश्वास होता, पण त्याहून जास्त तेलावर होता. घरात काहीही कुरकुरलं, अडकलं, गंजलं, की पडवीतल्या खिळ्याला टांगलेली बाटली खाली यायची. पाण्याच्या डिझेल इंजिनातून काढलेलं जळकं तेल त्या बाटलीत भरलेलं असायचं, काळंकुट्ट आणि दाट. दाराच्या बिजागऱ्या, गोठ्याची कडी, फवारणीच्या पंपाचा दांडा, सगळ्यांना त्याच बाटलीतलं. एकदा त्यांनी आईच्या शिलाई मशीनलाही घातलं. आईने ब्लाउज शिवायला घेतला तर शिवणीबरोबर काळी रेघ उमटत गेली. त्यावर ती जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "मशीन आधीपेक्षा हलकी चालते की नाही, तेवढं सांग." माझ्या सायकलच्या चेनला तर ते रोज सकाळी तेल घालायचे. मी डबा भरून बाहेर यायचे तेव्हा चेनवरून तेल ठिबकत असायचं आणि अंगणात त्याचा एक काळा डाग कायमचा झाला होता. कॉलेजात माझ्या प्रत्येक सलवारीच्या उजव्या पायाला तेलाचा पट्टा असायचा. मैत्रिणी म्हणायच्या, ही हर्षालीची फॅशन आहे.

आमचं घर डहाणूजवळ कैनाडला. थोडी चिकूची झाडं, थोडं भात, आणि पावसाळा सरला की मिरची. घराला पत्रे होते. वटवाघळं अर्धवट खाल्लेले चिकू पत्र्यावर टाकायची, ते धाडकन वाजून गडगडत खाली यायचे. पाहुणे दचकून उठायचे, आम्ही कूस बदलायचो. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकऱ्या थापण्याच्या आवाजाने. तांदळाची भाकरी, त्यावर सुकटीची चटणी, कधी वालाची उसळ. माझा डबा उघडला की पुढच्या बाकावरच्या मुली मागे वळून बघायच्या. आधी नाक दाबायच्या आणि मग तुकडा मागायच्या. दहावी झाल्यावर मी डहाणूला अकरावी सायन्स घेतलं होतं. एसटीची वेळ कॉलेजच्या वेळेशी जमत नव्हती. रिक्षा भरल्याशिवाय निघत नव्हती, आणि भरली म्हणजे माझा एक पाय बाहेर. त्यामुळे आठवीत शाळेतून मिळालेली सायकलच खरी. तिचं चेनवरचं कव्हर खडखडतं म्हणून पप्पांनी कधीच काढून टाकलं होतं, त्यामुळे चेन उघडी. रस्त्याने खडी आणि मातीचे ट्रक जायचे. त्यांची सगळी धूळ आपली तेलात येऊन बसायची.

व्हायचं ते झालं. ऑगस्टातली गोष्ट, पावसाने उघडीप दिली होती. मी घरी येत होते. ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडे चढ आहे, तिथे मी नेहमी सीटवरून उठून जोर लावायचे. त्या दिवशी तसा जोर लावला आणि पायाखालचं पॅडल एकदम रिकामं झालं. चेन पडली होती. पॅडल मोकळं फिरलं, माझा पाय खाली गेला आणि सायकलसकट मी रस्त्यावर आडवी. मागून ट्रक येत होता. त्याने ब्रेक लावला तो आवाज मला आजही तसाच्या तसा आठवतो. ड्रायव्हर खाली उतरला, आधी घाबरला, मग मी धड आहे हे बघून जोरात ओरडला. ते बरोबरच होतं त्याचं. गुडघा फुटला, कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण गावातलं कोणीतरी माझ्या आधी घरी पोचलं होतं. मी सायकल ढकलत पोचले तेव्हा आई अंगणात उभी, आणि पप्पा पांढरेफटक.

हळद लावून झाली, चहा झाला, मग पप्पांनी तळासरीला मामाला फोन लावला. फोन ठेवून म्हणाले, "हर्षू, ऐक. परत एकदा चेन पडली की सायकल बंद. तू तळासरीला मामाकडे राहायचं आणि तिथल्या कॉलेजात जायचं. मी बोललोय जयेशशी."

"आणि नाही पडली तर?"

"नाही पडली तर राहशील इथेच. पण एकदा पडली, की तळासरी. मला परत तो निरोप ऐकायचा नाही."

आता मामाविषयी सांगते, नाहीतर वाटेल की मामा कोणी दुष्ट होता. जयेशमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, अगदी लोण्यासारखा माणूस. त्याला मुलगी नव्हती, आणि मला न्यायची त्याला आणि मामीला मनापासून हौस होती. त्यांच्या घरापासून कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ होतं. मामीने तर फोनवर मला विचारूनही टाकलं की पडदे गुलाबी लावू की निळे. असं प्रेमाने बोलावणाऱ्याला नाही म्हणणं महाकठीण असतं. भांडखोर नातेवाईक बरे, त्यांना तोंडावर सांगता येतं. पण मला जायचं नव्हतं. मला माझं घर सोडवत नव्हतं, बस्स. आईशी भांडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नव्हता. पप्पांना संध्याकाळी वाडीतून यायला उशीर झाला की मी दहा कामं सोडून बांधावर जाऊन उभी राहायचे. दुसऱ्याच्या घरात चांगलं वागून वागून मी मरून गेले असते. हे सगळं मी तेव्हा कोणाला बोलले नाही. फक्त ठरवलं की चेन पडू द्यायची नाही.

तेव्हा मोबाइलवर नुकतंच फुकट नेट आलेलं होतं आणि अख्खं गाव दिवसभर काही ना काही बघत होतं. मीही बघितलं. एक गोरा माणूस हातमोजे घालून सायकलची चेन साफ करत होता. त्याच्याकडे फवारे होते, ब्रश होते, सायकल अधांतरी धरणारा स्टँड होता. आमच्याकडे चिकूचं झाड होतं. त्याच्या खालच्या फांदीला मी सायकलचं सीट दोरीने बांधून मागचं चाक उचललं. रॉकेलसाठी आईच्या हातापाया पडले, तिने कंदिलातलं थोडं काढून दिलं. रंगाच्या डब्याचं झाकण, पप्पांचा जुना टूथब्रश आणि फाटका बनियन एवढं सामान. पॅडल उलटं फिरवत ब्रशने घासायला सुरुवात केली. चेनवरून जे निघालं त्याला तेल म्हणवत नव्हतं. तो चिखल होता, काळा, आत बारीक वाळू असलेला, बोटांत धरला की करकरायचा. त्या वाळूने आतल्या आत कड्या झिजवून चेन लांबवली होती. म्हणून ती ढिली पडत होती आणि चढावर उडी मारत होती. पप्पांचं तेलच ती वाळू धरून ठेवत होतं. हे कळल्यावर मी जी धावत सुटले ती थेट इंजिनापाशी.

"पप्पा, तुमच्या तेलाने चेन पडते!"

पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी देवाला शिवी दिली. "तेलाने पडते? अगं, तेल नसतं तर तुकडे झाले असते तिचे."

"नाही! धूळ चिकटते त्याला. चेन कोरडी दिसली पाहिजे."

"कोरडी चेन? शिकवलं कोणी तुला हे?"

"मोबाइलमध्ये बघितलं."

"मग चालव मोबाइल," म्हणाले आणि इंजिनाचं हँडल फिरवायला लागले.

तरी चाकाचे नट त्यांनीच ढिले करून दिले. मागचं चाक मागे ओढलं, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते एक डोळा मिटून बघितलं आणि पान्याने नट घट्ट आवळले. चेन मधोमध अंगठ्याने दाबली की जराशी खाली जावी, फार नाही, एवढं त्यांना बरोबर माहीत होतं. तारेसारखी ताणूनही ठेवायची नाही, नाहीतर पॅडल जड जातं. हे सगळं समजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी भाकरी बांधत असताना, पुन्हा बाटली ओतली. मी बाहेर येऊन बघते तर खाली थेंब! मी अंगणातच रडायला लागले. आई बाहेर आली आणि दोघांवर ओरडली. "तुमचा तेलाचा हट्ट आणि हिचा पुसायचा हट्ट. तुम्ही घाला, ही पुसेल. आणि ती बाटली चुलीत घालीन मी एक दिवस." तेव्हापासून तसंच ठरलं. मशीनचं स्वच्छ तेल आईने दिलं. पप्पा एकेका कडीवर काडीने थेंब ठेवायचे, मी पॅडल फिरवून ते आत मुरवायचे आणि मग वरचं सगळं बनियनने पुसून काढायचे. मी पुसायला लागले की ते दुसरीकडे बघायचे. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं तेल फुकट जात होतं. पण चेन चंदेरी दिसायला लागली आणि सायकलचा आवाज बदलला. आधी करकर यायची, आता उतारावर पॅडल थांबवलं की फक्त चाकाची टिकटिक. तो आवाज ऐकायला मी मुद्दाम पॅडल थांबवायचे.

आता मी वापीला कंपनीच्या लॅबमध्ये आहे, स्कूटीने जाते. तिला चेनच नसते म्हणे, आत पट्टा असतो. सर्व्हिसिंगला दिली की ते मला एसी खोलीत बसवून कॉफी देतात. मधल्या काचेतून मी बघत राहते, आणि तो पोरगा कुठेही जास्तीचं तेल सोडून गेला की माझे हात शिवशिवतात.

त्या वर्षी गणपती गेले, चेन पडली नाही. नवरात्र बसलं, चेन पडली नाही. मामाचा फोन मात्र यायचा. कॉलेज बदलायचं तर दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू व्हायच्या आत बदलावं लागणार होतं, म्हणून तो म्हणाला, मी दसऱ्याला जेवायला येतो, तेव्हा काय ते पक्कं करू. पप्पा म्हणाले, ये. मी विचारलं, "पक्कं काय करायचं? पडली नाही ना चेन?" पप्पा नुसतं "बघू" म्हणाले. मला तो शब्द मुळीच आवडत नाही. आमच्या घरात "बघू" म्हणजे बहुतेक "नाही".

दसऱ्याच्या सकाळी अवजारांची पूजा. इंजिन, विळे, कोयते, कुदळ, फवारणीचा पंप, माझी पुस्तकं आणि सायकल. आदल्या दिवशी मी चेन अशी घासली होती की तिच्यात तोंड दिसावं. दाराला झेंडू आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण लागलं होतं, आत पुऱ्यांचं पीठ मळून झालं होतं. पप्पांनी हँडलला हार घातला, हळदकुंकू लावलं आणि इंजिनाकडे गेले. मग आई ताट घेऊन सायकलपाशी बसली. तिने आधी चेनला हळदकुंकू लावलं. मग मूठभर अक्षता तिच्यावर वाहिल्या. मग एक छोटा झेंडूचा हार, खास तेवढ्यासाठी ओवलेला, पॅडलच्या दांड्याला गुंडाळून चेनच्या चक्रावर बांधला. आणि हात जोडून, डोळे मिटून, माझ्या सायकलच्या चेनसमोर पुटपुटत राहिली. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. ती काय मागत होती ते मला कळत होतं. तिनेही मला कधी, जाऊ नकोस, असं म्हटलं नव्हतं. भावाला नाही म्हणायचं तिच्याही जिवावर आलं होतं.

"आई, चेनवरचं काढते मी. अडकेल ते."

"हात लावू नकोस. पूजेचं संध्याकाळपर्यंत काढत नाहीत."

"अगं पण तांदूळ..."

"आज कोण चालवतंय सायकल? आज तिला सुट्टी."

ते बरोबर होतं. पूजा केलेलं अवजार त्या दिवशी कोणी वापरत नाही. मी पुऱ्या लाटायला आत गेले. थोड्या वेळाने बाहेर स्टँड काढल्याचा आवाज आला. मी लाटणं टाकून बाहेर धावले. पप्पा, पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेले, सायकल घेऊन फाटकाबाहेर पडत होते.

"पप्पा, कुठे?"

"डहाणूला. जयेशला जिलेबी-फाफडा आणतो. दसऱ्याला लागतोच त्याला." मग मागे न बघता म्हणाले, "आणि बघतो तरी, तू म्हणतेस तशी चालते का. त्या चढावरून मी स्वतः नेऊन आणतो. मग सांगतो जयेशला काय ते."

मी ओरडले, "चेनवरचा हार काढा!" पण तोवर ते वळणापलीकडे गेले होते, हँडलवरचा हार हलवत. आई माझ्या मागे येऊन उभी होती, हातात पुरीचा गोळा तसाच. ती म्हणाली, "अगं बाई." नंतर आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. तिने पुऱ्या तळल्या, मी बटाट्याची भाजी परतली, ती खाली लागली. रागवायचं तरी कोणावर? मनात एकच चाललं होतं, आता ते चढाला लागले असतील, आता उतरले असतील.

मामा बाईकवरून आला तो हसतच. मामीने माझ्यासाठी ड्रेस पाठवला होता, तो त्याने आधी काढून दाखवला. "दाजी कुठे?" म्हणाला. आई म्हणाली, येतील इतक्यात. इतक्यात म्हणता म्हणता पुऱ्या गार झाल्या. मामा अंगणात खाटेवर बसून चहा प्यायला, परत प्यायला. मी सारखी फाटकाशी जात होते.

शेवटी पप्पा दिसले. सायकलवर बसलेले होते, ढकलत नव्हते, एवढं बघूनच माझा जीव भांड्यात पडला. पण फाटकातून आत आले तेव्हा मी चेनकडे बघितलं. छोटा हार नव्हता. चक्राच्या दात्यांत पांढरा दोरा गुंडाळलेला होता आणि त्यात झेंडूच्या चार पाकळ्या चिरडून अडकल्या होत्या. फाफड्याची पिशवी हँडलला लटकत होती. पप्पा म्हणाले, "हर्षू, तेवढी काढून घे." स्वतः त्यांनी तिला हात लावला नाही. दोन्ही हात मागे बांधून मामासमोर उभे राहिले.

"या दाजी, वाट बघून भूक मेली," मामा म्हणाला. "मग काय ठरलं? दिवाळीनंतर नेऊ ना हिला? आमच्याकडे सगळी तयारी झालीय, बराबर ना?"

पप्पा माझ्याकडे बघत नव्हते. आईकडेही नाही. ते समोरच्या चिकूकडे बघत म्हणाले, "मी आताच जाऊन आलो, जयेश. चढावरून गेलो, चढावरून आलो. सायकल एक नंबर आहे. चेन पडली नाही. एकदापण नाही." माझे वडील खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना ते जमतही नव्हतं, कान लाल झाले होते.

मामा म्हणाला, "असं?" आईने पानं घेतली. पप्पा हात धुवायला मोरीत गेले ते बाहेर येईनात. आतून पाण्याचा आवाज, साबणाच्या वडीचा आवाज, घासण्याचा आवाज, परत पाणी. मामा पाटावर बसून श्रीखंडाकडे बघत होता. पप्पा आले, बसले. हात मांडीवर, मुठी मिटलेल्या. मग आईला हळू आवाजात म्हणाले, "चमचा दे."

"चमचा? कशाला?" आई म्हणाली. भाताचं एक शीतही कधी चमच्याने न खाल्लेला माणूस.

"दे गं."

आईने त्यांच्या मुठीकडे बघितलं, मग दारातून बाहेर सायकलकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले. ती आत जाऊन चमचा घेऊन आली आणि तो त्यांच्या ताटात ठेवला. पप्पांनी तो उचलला. नखांत, बोटांच्या पेरांत, तळव्याच्या प्रत्येक रेषेत काळं तेल होतं. त्यांनी चमच्याने पुरी तोडायला घेतली. पुरी ताटभर पळाली. त्यांनी तिला कडेला अडवून परत चमचा दाबला. मी मान खाली घातली, कारण वर बघितलं असतं तर मी तिथेच हुंदका दिला असता.

मामा बराच वेळ त्या हाताकडे बघत होता. मग त्याने पुरीवरचा आपला हात मागे घेतला.

"राहू दे मग हिला इथेच," तो म्हणाला. "ताई, मलापण एक चमचा दे गं."